सुरुवातीला नुसती पाखरं

दुबईत चार पैसे सुटले की लोक सोनं घेतात, गाडी बदलतात, फार तर वाळवंटात जाऊन तंबूत झोपतात. आमचा मुरलीधर कोळशाच्या इंजिनांचे फोटो काढायला आफ्रिकेत जातो. एसीच्या कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये वर्षभर घाम गाळायचा आणि कमाई धुरात घालवायची, असं मी चारचौघांत म्हणते आणि तो हसतो. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला माझ्या जिभेची सवय झाली आहे. माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे. खरं सांगायचं तर मला तिचा थोडा अभिमानच होता.

यंदा जानेवारीत त्याने मलाही ओढून नेलं. शुक्रवारी दुपारी ऑफिस सुटलं की विमानतळ, रात्री जोहान्सबर्ग, सकाळी छोट्या विमानाने झिंबाब्वेतलं बुलावायो, आणि सोमवारी परत कामावर. सोबत त्याच्याच वेडातला जोडीदार रणजित आणि रणजितची बायको पर्णिका. पर्णिका माझी जुनी मैत्रीण. दोघींनी मिळून नवऱ्यांना नावं ठेवण्यात आमची मैत्री पिकली आहे.

एरवी मी गेले नसते. पण त्या आठवड्यात घरात बसवत नव्हतं. मिहिकाने लग्न ठरवलं होतं. मिहिका आमची एकुलती एक. जन्म इथला, शाळा इथली, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. तिच्या ऑफिसातल्या वेद म्हसकरशी तिने परस्पर ठरवलं आणि आम्हाला कळवलं. वेद दोनदा घरी येऊन गेला होता. शांत, हसरा, चहा झाला की स्वतःचा कप विसळून ठेवणारा मुलगा. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून मी त्याच्या घरात काढली. त्याची आई मनोरमा शारजात रोल्लाला पोळी-भाजीचे डबे चालवते. वडिलांना सगळे बापू म्हणतात. ते खोर फक्कानच्या बंदरात क्रेन चालवायचे. काचबिंदूने दृष्टी गेली, तशी नोकरीही गेली, आणि आता ते मुलाच्या व्हिसावर घरी असतात. लग्नानंतर मिहिका त्याच घरात राहायला जाणार होती. तेही तिचं तिनेच ठरवलेलं. ‘आय लाइक देम, आई. दे आर फन,’ म्हणाली. मी तोवर त्या दोघांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

तर बुलावायोच्या बाहेर एक चढ आहे. पावसाळा असल्यामुळे गवत कमरेएवढं वाढलेलं. फोटोवाले रुळांच्या कडेला एका ओळीत उभे राहतात आणि कोणी ओळीपुढे पाऊल टाकायचं नाही, कारण मग सगळ्यांच्याच फोटोत त्याची पाठ येते. गाडी धूर ओकत चढ चढते, पुढे निघून जाते, मग उलटी मागे येते आणि पुन्हा चढते. यांचं समाधान होईपर्यंत हेच. लग्नात आपला फोटोग्राफर म्हणतो ना, हार परत एकदा घाला, तसंच. फरक इतकाच की इथे नवरी शेकडो टनांची असते.

मुरलीला नुसते फोटो पुरत नाहीत, आवाजही लागतो. ओळीपासून बऱ्याच खाली, चढाच्या पायथ्याशी एका झाडाखाली त्याने तीन पायांच्या छोट्या स्टँडवर आपला रेकॉर्डर लावला. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून त्याला करड्या केसांची टोपी घातलेली असते. लांबून मांजराचं पिल्लू बसल्यासारखं दिसतं.

“तुम्ही दोघी इथेच सावलीत बसा,” तो म्हणाला. “बकऱ्या येतात, जरा लक्ष ठेवा. आणि गाडी दिसली की एकदम चूप.”

गाडी दिसली की चूप, म्हणजे तोवर बोलायला हरकत नाही, असा मी सोयीचा अर्थ घेतला. तो आणि रणजित वर गेले.

बाहेर देशी राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांना एक खोड असते. लिफ्टमध्ये, मॉलमध्ये, बँकेच्या रांगेत, समोरच्या माणसाबद्दल त्याच्या समोरच बोलायचं, मराठीत, चेहरा साधा ठेवून. कोणाला कळतंय? दुबईत जरा जपावं लागतं, शेजारचा कधी सांगलीचा निघेल याचा नेम नसतो. त्या रानात ती भीतीही नव्हती. पर्णिकाने चकल्यांचा डबा उघडला आणि विचारलं, “मग? व्याही कसे आहेत?”

आणि मी सुटले.

“मुलगा चांगला आहे गं, पण घर बघ. आई रोल्लात पोळ्या लाटते आणि बाप आंधळा. म्हणजे माझ्या पोरीने ऑफिसातून दमून यायचं आणि त्या माणसाला हाताला धरून संडासला न्यायचं. जन्मभर. मी म्हणते, राहा ना वेगळे! त्यांचं ते बघून घेतील. पण हिच्या डोक्यात सेवा शिरलीये.”

“अगं, वय काय त्यांचं?” पर्णिकाने विचारलं.

“साठीचे असतील. म्हणजे अजून वीस वर्षं धर. अशी माणसं चिवट असतात बाई, लवकर सुटत नाहीत.”

पर्णिका आधी “अगं, काय हे!” म्हणाली आणि मग हसली. ती हसली म्हणून मी आणखी थोडं बोलले. बापू चाचपडत कसे चालत असतील, ते मी तिला चकली हातात धरून करूनही दाखवलं.

मग चढाच्या खालून शिटी आली आणि आम्ही चूप झालो. गाडीची धडधड कानांच्या आधी पायांना कळली. गवतातून ते काळं, लांबलचक धूड वर आलं, मागे मालाचे डबे, आणि एकेक फुसकारा असा की छातीच्या आत हात घालून कोणी हलवावं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कोळशाचा कण गेला असं मी मुरलीला नंतर सांगितलं. त्या वेडात काय आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि परतीच्या विमानात मी त्याला एकदाही टोमणा मारला नाही.

पुढच्या शनिवारी म्हसकर मंडळी अल मनखूलला आमच्या घरी आली. संक्रांत नुकतीच झाली होती. पहिलीच भेट, म्हणून मी पुरणापासून अळूवडीपर्यंत सगळं केलं होतं. मिहिका त्यांना घ्यायला खाली पार्किंगमध्ये गेली होती. दार उघडलं तर समोर बापू, आणि त्यांचा हात मिहिकाच्या कोपरावर. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले पांढरे केस, उंच माणूस. चाचपडणं वगैरे काही नव्हतं. मिहिकाच्या पावलाला पाऊल लावून, गप्पा मारत, हसत ते आत आले.

“कढीपत्त्याची फोडणी आहे,” ते म्हणाले, “तेव्हा दार चुकलेलं नाही. ताई, हात पुढे करा बघू.”

मी हात पुढे केला. त्यांनी खिशातून पुडी काढून माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला. “तिळगूळ घ्या, गोड बोला.”

“गोड बोला,” मी म्हणाले. दरवर्षी म्हणतो तसंच.

मनोरमाबाईंनी गूळपोळ्या आणल्या होत्या, केळीच्या पानात बांधून. “कालच्याच आहेत हं, मुद्दाम. गूळपोळी शिळीच चांगली. पातळ तूप नका घालू, घट्ट घाला,” असं सांगत त्या सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि पदर खोचून पापड तळायला लागल्या. मी नको नको म्हणत राहिले. रोज शेकडो पोळ्या होतात त्यांच्याकडे, चार बायका कामाला आहेत, तरी पहिली पोळी त्या स्वतः खाऊन बघतात, म्हणाल्या. बाहेर बापू आणि मिहिकाचं काहीतरी चाललं होतं. मी डोकावले तर ती त्यांच्या शेजारी बसून मोबाइलवरून मराठी बातमी वाचून दाखवत होती, अडखळत, जोडाक्षरांना ठेचकाळत. बापू शब्द सुधारत होते आणि ती ‘ओके ओके, वेट’ म्हणून पुन्हा वाचत होती. माझी मुलगी! तिला मराठी वाचायला बसवावं म्हणून मी हाडाची काडं केली होती आणि हाती काही लागलं नव्हतं.

“रोज संध्याकाळी फोनवर वाचते मला,” बापू मुरलीला म्हणाले. “आता लग्नानंतर बाल्कनीत दोन खुर्च्या टाकणार आहोत. रीडिंग रूम.”

“अँड ही विल टीच मी टु व्हिसल,” मिहिका म्हणाली.

अर्ध्या तासात मला ही माणसं आवडायला लागली आणि त्याचाच त्रास व्हायला लागला. झाडाखालचं बोलणं घशाशी येत होतं. पण ते इथून हजारो मैलांवर, रानात राहिलं होतं. मी मनाशी म्हटलं, बोलतो माणूस, पाहिलं नव्हतं म्हणून बोलले.

जेवणाआधी मुरलीने टीव्हीवर आफ्रिकेचे फोटो लावले. चार फोटो झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कोणाला काय दाखवतोय, आणि तो बिचारा वरमला. बापूंना मात्र काहीच वाटलं नव्हतं. मनोरमाबाई शेजारून सांगत होत्या, “काळा आहे हो धूर. वर जाऊन उजवीकडे वळलाय,” आणि ते मान डोलावत होते.

“आमच्या दारव्ह्याला शकुंतला यायची,” बापू म्हणाले. “छोट्या रुळांवरची आगगाडी. लहानपणी आम्ही पोरं रुळाशेजारी पालथी पडून वाट बघायचो. गाडी यायच्या आधी पाखरं गप व्हायची. तेवढ्यावरून कळायचं.”

मी आमटीला उकळी आली का बघायला आत गेले. बाहेरून मुरलीचा आवाज आला. “बापू, यल्ला, चला, तुमच्यासाठी माझ्याकडे खास चीज आहे. थांबा.”

बाहेर आले तेव्हा बापूंच्या कानांवर मोठे हेडफोन होते आणि टीपॉयवर ते करड्या केसांचं मांजराचं पिल्लू बसलेलं होतं.

“हे कुठलं?” मी मुरलीला विचारलं.

“अगं तेच, तुमच्या झाडाखालचं. स्पीकरवर मजा नाही, हेडफोनवर ऐकायला हवं. मी पुढे नेऊन थेट गाडीच लावत होतो, पण बापू म्हणाले, गाडीची वाट बघण्यातच गंमत असते, पहिल्यापासून लावा.”

“पहिल्यापासून म्हणजे? तू ते गाडी दिसल्यावर चालू केलं होतंस ना?”

“टेकाडावरून पळत खाली येऊ का चालू करायला? लावतानाच चालू करतात. आधी बराच वेळ रान, मग गाडी. ते कापायचंय अजून, मी स्वतःच ऐकलेलं नाही.”

हातातलं आमटीचं भांडं मी टेबलावर ठेवलं की नाही ते मला आठवत नाही. ठेवलं असणार, कारण नंतर सगळ्यांनी आमटी खाल्ली.

मी जे जे बोलले होते ते तेव्हा शब्दन् शब्द आठवलं. एरवी मला कालची भाजी आठवत नाही. “बापू, जेवण गार होतंय, गाडी नंतर ऐका!” मी मोठ्याने म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. ऐकू जायचा प्रश्नच नव्हता, त्यांच्या कानात मी आधीच बोलत असणार.

“आई, लेट हिम एन्जॉय,” मिहिकाने मला दटावलं.

मी उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले. ते हसत होते, कान टवकारून, लहान मुलासारखे. मग हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस निघून गेला. मला दुसरं कसं सांगावं ते कळत नाही. खोलीत बोलणं चालू होतं, वेद पापड खात होता, मुरली त्याला लेन्स समजावत होता. बापूंचा चेहरा मात्र फक्त मी बघत होते, आणि मी बघतेय हे त्यांना दिसण्याची सोय नव्हती. अशा माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघणं हेसुद्धा चोरीच आहे, पण माझी नजर हटेना.

“मला पण ऐकवा की,” मनोरमाबाई त्यांच्या खांद्याला खांदा लावून म्हणाल्या आणि हेडफोनची एक बाजू ओढायला गेल्या.

बापूंनी पटकन दोन्ही हात वर केले आणि हेडफोन कानांवर गच्च दाबून धरले. बाहेर एक अक्षरही झिरपू नये असे. मान हलवून नाही म्हणाले.

“बघा, कसे हावरट आहेत,” मनोरमाबाई हसत मला म्हणाल्या.

मीही हसले. लाजेनं माणसाचे कान तापतात म्हणतात, माझे तळपाय तापले होते. पोळ्या लाटणारी म्हणाले होते मी तिला. तिच्यापर्यंत ते पोचू नये म्हणून तो माणूस आपले कान दोन्ही हातांनी झाकून एकटा ऐकत बसला होता.

पुष्कळ वेळाने त्यांचा पाय हलायला लागला. मग मानही. गाडी आली होती. शेवटपर्यंत त्यांनी ती ऐकली, हेडफोन काढले आणि घडी करून नीट टीपॉयवर ठेवले.

“काय बापू? कसं वाटलं?” मुरलीने विचारलं.

“झकास,” बापू म्हणाले. “सुरुवातीला नुसती पाखरं. मग गाडी.”

मला सुटल्यासारखं वाटलं. आज ते आठवून सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या सुटल्यासारखं वाटण्याची. वाटलं, आम्ही लांब बसलो होतो, आवाज आला नसेल. वाटलं, मराठी असलं म्हणून काय, पुटपुटल्यासारखं आलं असेल. मी सगळ्यांना पानावर बोलावलं आणि गूळपोळीवर स्वतः घट्ट तूप वाढून घेतलं.

जेवताना मिहिका नेहमीच्या सवयीने बसावी तशी बापूंच्या शेजारी बसली आणि त्यांचं बोट ताटात फिरवून सांगायला लागली, “बापू, वाटी हिअर, अळूवडी देअर.” त्यांनी बोट हलकेच सोडवून घेतलं. “तू जेव बाळा, तुझं गार होतंय. मनू, तू सांग गं.” मिहिकाचा हात जरा वेळ तसाच हवेत राहिला.

जेवणं झाल्यावर मुरलीने विषय काढला, तारखा, हॉल, पुण्यात की इथे. बापूंनी सगळ्याला हो म्हटलं. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाले. मग घसा साफ केला.

“फक्त माझं एक मागणं आहे. लग्नानंतर मुलांनी वेगळं राहावं. अल नहदाला, नाहीतर इकडे दुबईतच कुठेतरी.”



“हे काय नवीनच?” मनोरमाबाई म्हणाल्या. “काल तर तुम्ही बाल्कनी धुऊन घेतलीत. आणि वेगळ्या घराचं भाडं? वर्षाला पन्नास हजार दिरहम, म्हणजे बारा लाख रुपये, नुसत्या भिंतींचे!”

“बापू, वी डिस्कस्ड धिस,” वेद म्हणाला.

“काल मी नीट विचार नव्हता केला,” बापू शांतपणे म्हणाले. “पोरगी ऑफिसातून दमून येणार. जन्मभर कोण कोणाला हाताला धरून नेतं? आपलं आपण बघून घेऊ, मनू. खलास. यावर चर्चा नको.”

माझे शब्द होते. पुसून, स्वच्छ करून, कोणाला दुखू नये अशा बेताने त्यांनी ते परत मांडले होते, आणि मला हवं तेच मला देऊन टाकलं होतं.

“वा, बापू!” मुरली भारावून म्हणाला. त्याला काही ठाऊक नव्हतं, देव त्याचं भलं करो. “एवढा विचार कोण करतं! अहो, आमची विद्युल्लता पण अगदी हेच म्हणत होती.”

बापूंनी मान माझ्या दिशेला वळवली. मी कुठे बसले आहे ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

“हो ना?” ते म्हणाले. “मग झालं तर.”

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण मिहिका मध्येच म्हणाली, “बट व्हाय, बापू? आय वॉन्ट टु लिव्ह विथ यू,” आणि तिचा आवाज फाटला. बापू म्हणाले, “येत जा ना शुक्रवारी, इन्शाल्ला, कोण नाही म्हणतंय.” लांबच्या पाहुण्याला म्हणावं तसं. त्यानंतर मी तोंड मिटलं आणि भांडी उचलायला लागले.

निघताना मिहिका त्यांच्या बाजूला जाऊन कोपर पुढे करून उभी राहिली. “नको बाळा,” ते म्हणाले. “येतो मी.” एक हात भिंतीवर ठेवून ते दाराकडे निघाले. अनोळखी घर, अनोळखी दार. चपलांच्या कपाटावर त्यांचा गुडघा आपटला. मग ते खरंच चाचपडले. अगदी तसेच, मी चकली धरून करून दाखवलं होतं तसे. मनोरमाबाई डबे पिशवीत भरत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. मला राहवेना. मी पुढे झाले.

“बापू, माझा हात धरा.”

ते थांबले. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“नको ताई,” ते हळूच म्हणाले, मला एकटीला ऐकू जाईल असं. “आम्ही चिवट असतो. पडायचो नाही.”

आणि भिंतीला धरून, लिफ्टचं दार हाताने शोधत, ते बाहेर गेले. वेदने लिफ्टमध्ये त्यांना धरलं असेल. मला दिसलं नाही, मी दारातच उभी होते.

ती मंडळी गेल्यावर मुरली सोफ्यावर ऐसपैस बसला. “सेन्सिबल माणूस,” म्हणाला. “नाहीतर आपल्या लोकांत असं कोण सुचवतं? तुझं काम आपोआप झालं.”

मिहिका त्याच्याकडे बघतही नव्हती. ती जमिनीवर बसली होती, टीपॉयला टेकून. “डिड आय डू समथिंग?” तिने मला विचारलं. “ही वॉज सो हॅपी व्हेन दे केम.” मग मराठीत म्हणाली, लहानपणीही माझ्याशी कधी बोलली नव्हती इतकं स्वच्छ, “आई, त्यांनी माझा हात नाही घेतला. मी नकोय त्यांना.”

मी गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. बापू कधी बोलणार नव्हते, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. ते रेकॉर्डिंग ऐकायला मुरलीला वेळ नव्हता, आणि मी सांगितलं असतं तर त्याने न ऐकता पुसून टाकलं असतं. पोरीला वेगळं घर मिळालं होतं, माझ्यावर बोट नव्हतं, उलट दोन्ही घरांत शहाणी म्हणून माझं नाव झालं असतं. फक्त मिहिकाला जन्मभर वाटत राहिलं असतं की ज्या माणसावर तिने एवढा जीव लावला त्याला ती नको होती. आणि तो माणूस बाल्कनीतली दुसरी खुर्ची आत घेऊन गेला असता. एवढंच.

मी तिला तोंडाने सांगायचा प्रयत्न केला. “मी आफ्रिकेत पर्णिकाशी बोलताना,” इथपर्यंत आले, आणि पुढे माझी ती तिखट जीभ सौम्य शब्द शोधायला लागली. थोडंसं असं म्हणाले, गमतीत म्हणाले. मला माझाच आवाज ऐकून किळस आली. बापूंनी गाळून-निवडून मांडलं ते त्यांचा मोठेपणा म्हणून. मला तो हक्क नव्हता.

“मुरली,” मी म्हणाले, “ते रेकॉर्डिंग लाव. पहिल्यापासून.”

“आत्ता? अगं, ते रान आहे नुसतं.”

“लाव म्हणते ना.”

त्याने खांदे उडवले आणि लावून दिलं. टीपॉयवरचे हेडफोन मी उचलले. बापूंनी ठेवले होते तसेच, घडी केलेले. मी ते मिहिकाच्या कानांवर माझ्या हाताने ठेवले आणि तिचे केस बाजूला केले.

“इज इट द ट्रेन?” तिने विचारलं.

“ऐक,” मी म्हणाले.

मग खुर्ची ओढून मी तिच्यासमोर बसले, माझं तोंड तिला नीट दिसेल अशी. ती ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत ऐकत होती. अजून तिला काहीच कळलं नव्हतं. सुरुवातीला नुसती पाखरं आहेत.